मन नसताना चर्चला जाणं म्हणजे ढोंगच ना?

अबोली_खानापूर

सर्वांना सलाम.

पोस्ट लांबलीय, सांभाळून घ्या. इथे बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच ख्रिस्ती वाचक आहेत म्हणून इथे विचारतेय. मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत) विचारायची सोय नाही. तिथे तोंड उघडलं तर पुढच्या शुक्रवारी माझ्याच नावाची प्रार्थनेची चिठ्ठी फिरेल.

धाकटी बहीण गेल्या पावसाळ्यात गेली. स्तनाचा कॅन्सर, वय ३६. गाठ हाताला लागली तेव्हा 'काही नसेल' म्हणून थोडे महिने तसेच गेले. मग बेळगाव, मग हुबळीचं नवनगरचं कॅन्सर हॉस्पिटल, शेवटी मुंबईला टाटा. चालुक्य एक्सप्रेसने दादरला उतरायचं आणि गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळते का बघायचं. मिळाली. आई म्हणाली, "बघ, देव कुठनं कुठनं सोय करतोय." तेव्हा आम्ही सगळंच देवाच्या खात्यावर जमा करत होतो. केमोची तारीख लवकर मिळाली, जमा. प्लेटलेट वाढल्या, जमा. त्याच खात्यावर नावे टाकायची वेळ आली तेव्हा मात्र सगळे म्हणायला लागले की देवाचे विचार माणसाला कळत नाहीत. कळत नाहीत तर जमेच्या वेळी बरे कळत होते?

मंडळीने साखळी उपास केले, दर शुक्रवारी घरी प्रार्थना असायची. आईच्या बायबलला रेक्झिनचं कव्हर आहे. त्यात ९१ व्या स्तोत्राच्या पानात गोळ्यांची रिकामी स्ट्रिप खूण म्हणून घातलेली. अरिष्ट येणार नाही, व्याधी डेऱ्याजवळ फिरकणार नाही असं जे वचन आहे, त्याखाली लाल बॉलपेनने इतक्यांदा रेघ ओढलीय की पानाच्या मागच्या बाजूला ती बोटाला लागते.

एका चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने रोग बरा करण्याच्या, सभेलाही नेलं होतं. (नाव घेणार नाही, कुणी विचारूही नये.) तिथल्या प्रचारकांनी डोक्यावर हात ठेवला आणि रोग गेला असं माईकवर जाहीर केलं. पुढच्या स्कॅनमध्ये लिव्हरमध्ये पसरलेला दिसला. आईने त्यांना फोन केला तर उत्तर आलं, "घरातल्या कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय."

बहीण गेली, ते वाक्य घरात राहिलं. संध्याकाळची प्रार्थना झाली की आई विचारते, "कुणाचा गं कमी पडला असंल? माझाच काय?" काय उत्तर देऊ?

माझं म्हणाल तर रविवारी जाते. संडेस्कूल घेते, क्वायरमध्ये उभी राहते. विश्वासांगीकार (आमचा विश्वास काय ते सांगणारं सगळ्यांनी मिळून म्हणायचं वचन) म्हणताना ओठ हलतात, आत काही हलत नाही. देव नाही असं मी म्हणत नाही, पण आहे असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. मग हे ढोंग नाही का? नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "जात राहा की, होईल सगळं."

एक विनंती. 'देवाची काहीतरी योजना असेल' हे वाक्य लिहू नका. ते मला पाठ आहे.

विजयी_जीवन

ताई, प्रभूच्या नावात सलाम. तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण शंका ही शत्रूकडून येते हे विसरू नका. याकोबाने (१:६) संशय धरणाऱ्याला समुद्राच्या लाटेसारखं म्हटलंय. चर्च सोडू नका, उपास करा, स्तुती करा. स्तुतीने बंधनं तुटतात. माझ्या मावशीला डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आज ती शेतात जाते. येत्या शनिवारी आमच्याकडे रात्रभर प्रार्थना आहे, पत्ता वेगळ्या निरोपात देतो.

जुनी_सिस्टर

विजयी_जीवन, ज्या बाईला एका सभेने एवढं पोळलंय तिला दुसऱ्या सभेचा पत्ता देताय? वाचून तरी लिहा की.

अबोली, आधी कामाचं बोलते, श्रद्धेचं नंतर. मी मिरजेला शिकलेली नर्स, आता रिटायर. सख्ख्या बहिणीला चाळिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तू स्वतःची तपासणी कधीपासून करायची हे डॉक्टरांना आत्ताच विचार. शंभरातल्या पाच-दहा जणींना हा आजार घराण्यातून आलेल्या जनुकातल्या बिघाडामुळे होतो, आणि कमी वयात झाला असेल तर ती शक्यता जास्त धरतात. त्याची रक्ताची तपासणी असते. बहिणीला मुली असतील तर त्यांच्यासाठीही हे लक्षात ठेव. आणि आईला सांग की गाठ पेशीत होते, पेशीला कुणाचा विश्वास मोजता येत नाही.

मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं. माईकवर जाहीर करून भागत असतं तर त्या भल्या माणसाने आयुष्यभर सुरी कशाला हातात धरली असती? वॉर्डात उशीखाली अंगारा पाहिलाय, ताईत पाहिलाय, जपमाळ पाहिलीय, योहानाच्या शुभवर्तमानाचं छोटं पुस्तक पाहिलंय. उशीखाली काय आहे यावरून कुठल्या खाटेवरचा पेशंट घरी जाणार हे मला कधी ओळखता आलं नाही.

आणि बायबलातल्या प्रेषित पौलाचं बघा. त्याच्या अंगाला लागलेले रुमाल नेऊन लोक बरे होत होते असं प्रेषितांच्या कृत्यांत (१९:१२) लिहिलंय. त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढची वाट धरली (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं. स्वतःच्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो गेला नाही. यात कुणाचा विश्वास कमी पडला ते सांगा, मग पुढे बोलू.

कॅथरीनची_लेक

सिस्टर, +१००. ती जनुकाची तपासणी आमच्याकडे कुणी सांगितलीच नव्हती. चुलतबहिणीला आजच कळवते.

तर्कट

मूळचा शहापूरचा, आता पुण्यात. मेथडिस्ट घरात वाढलो, संडेस्कूलची बक्षिसं घरी अजून आहेत. चर्च सोडून बरीच वर्षं झाली.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर हो, थोडं ढोंगच. पण गुन्हा नव्हे. आपल्याकडे निम्मं गाव कुठल्या ना कुठल्या देवळात सवयीने जातं.

मला अडलं ते असं. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये भूकंप झाला. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली. छपरं अंगावर पडली ती प्रार्थना करणाऱ्यांच्याच. युरोपातले मोठमोठे विचारवंत त्यानंतर देवाच्या न्यायाबद्दल भांडत बसले, आणि माझ्या मते अजून कुणी जिंकलेलं नाही. माणसाला स्वातंत्र्य दिलं म्हणून दुष्टाई आहे, हे युद्धाला, खुनाला लागू होईल. जमीन हादरण्यात कुणाचं स्वातंत्र्य? गाठ होण्यात कुणाचं? देव भला असेल आणि समर्थही असेल तर हिशोब जुळत नाही. मी जुळवायचा सोडला आणि मला झोप लागायला लागली. तुम्हीही सोडा असं म्हणत नाही. पण सोडलं तर आभाळ कोसळत नाही एवढं सांगतो.

कॅम्पातला_म्हातारा

पोरी, तुझी पोस्ट रात्री वाचली, आत्ता सावकाश लिहितोय. टायपिंग एका बोटाचं आहे.

पहिलं ढोंगाचं. प्रभूने ढोंगी कुणाला म्हटलं ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना. तुला कुणी बघावं असं वाटतच नाहीये. उलट आत काय चाललंय ते कुणाला दिसू नये म्हणून धडपडतेस. हे ढोंगाच्या बरोबर उलट झालं. ढोंग्याला ढोंगाचा त्रास होत नसतो.

दुसरं, तू म्हणतेस मंडळीत विचारायची सोय नाही. हे खरं आहे आणि ही आमची, म्हणजे वडील मंडळींची, लाज आहे. आम्ही रविवारी स्तोत्रं निवडताना आनंदाची निवडतो. दीडशे स्तोत्रांतली कितीतरी रडगाणी आहेत, भांडणं आहेत. तेरावं उघड. किती वेळ, किती वेळ, असं दावीद चारदा विचारतो. ८८ वं तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी 'तरी मी तुझी स्तुती करीन' असलं काही नाही. ते ज्याने लिहिलं त्याला कुणी मंडळीतून काढलं नाही. उलट त्याचं गाऱ्हाणं पवित्र शास्त्रात घालून ठेवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या देवासमोर उभं राहून म्हटलं. मग ते तोंडातल्या तोंडात म्हणणारी तू बाहेरची कशी?

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन आपण प्रभूच्या क्रुसावरच्या सात वचनांची उपासना करतो. माझ्या वाट्याला एकदा चौथं वचन आलं होतं, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' बाकीच्या सहांवर बोलणाऱ्यांनी भरपूर वेळ घेतला. मला बोलायलाच काही सुचेना. तो २२ व्या स्तोत्राचा पहिला चरण आहे. देवाच्या पुत्राला त्या घटकेला स्वतःची प्रार्थना सुचली नाही, लहानपणी पाठ केलेली, दुसऱ्याने लिहिलेली ओळ त्याने म्हटली. ओठांनी.

कुणाचा विश्वास कमी पडला, त्याचं उत्तर लूक १३ मध्ये आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले. ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं काय, असं प्रभू स्वतःच विचारतो आणि नाही म्हणून स्वतःच सांगतो. त्या प्रचारकांनी हा अध्याय वाचलेला नाही किंवा वाचून बाजूला ठेवलाय.

लंडन मिशनची माणसं १८२० मध्ये बेळगावात आली. कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीत त्या काळच्या गोऱ्या लोकांच्या तान्ह्या लेकरांची थडगी आहेत, कुठे कुठे एकाच घरातली दोन-दोन. पुरून आल्यावर रविवारी ती माणसं चर्चमध्ये उभी राहिली असतील. तरुणपणी मला त्याचं कौतुक वाटायचं. आता वाटतं, त्यातल्या कितीजणांचे नुसते ओठच हलत असतील.

तू मार्था आणि मरियेचं वाच. योहान ११. दोघी बहिणींनी प्रभूला तोंडावर सुनावलं, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो रागावला नाही. रडला.

अबोली_खानापूर

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. ढोंगाचं पटलं. पण त्यांचा भाऊ लाजर मेलेल्यातून उठला. माझी बहीण उठली नाही. मार्थेने सुनावलं आणि तासाभरात भाऊ घरी आला. मी कुणाला सुनावू?

सिस्टर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. अपॉइंटमेंट घेतोय. बहिणीला एक मुलगी आहे, नऊ वर्षांची.

तर्कट, तुम्ही सरळ लिहिलंत, बरं वाटलं. फक्त मला झोप लागणार नाही असं वाटतं.

विजयी_जीवन

पत्त्याचं राहू द्या, ताई नको म्हणतात तर नको. पण मावशीचं मी डोळ्यांनी पाहिलंय, ते मी कसं नाकारू? देव आजही बरं करतो. ते प्रचारक चुकले असतील, देव चुकत नाही.

जुनी_सिस्टर

नाकारू नका. मीही पाहिलंय, डॉक्टरांनी हात टेकलेला पेशंट चालत गेलेला. माझं म्हणणं एवढंच की जी बरी झाली ती साक्ष द्यायला माईकपाशी येते, जी गेली तिच्या आईला स्टेजवर कुणी बोलवत नाही.

येळ्ळूरकर

मी ख्रिस्ती नाही, माळकरी आहे. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. तुकोबांच्या घरात दुष्काळाने पहिली बायको आणि पोर नेलं. पुढे ते विठ्ठलाशी कसे भांडले ते गाथेत आहे. माझ्या लेखी देव मेला, इथपर्यंत बोलून गेले. आमच्याकडे त्यांना कुणी नास्तिक म्हणत नाही. अक्का, तुमचे रेव्हरंड टिळक तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे गेले असं स्वतः सांगायचे ना? मग त्या पुलावर भांडणालाही जागा असणार की.

सीमावासी_७

टिळकांवरून आठवलं. पंडिता रमाबाईंचा जन्म आपल्या कर्नाटकातल्याच गंगामूळच्या रानातला, १८५८ चा. उपासमारीत आईवडील गेले, बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. हे सगळं ख्रिस्ती होण्याआधी. नंतर १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी बाई मराठी बायबलचं भाषांतर पुरं करत राहिल्या, आणि एप्रिल १९२२ मध्ये स्वतः गेल्या. याला म्हणतात विश्वास.

निपाणीकर

सीमावासी, रमाबाईंबद्दल पूर्ण आदर. पण दुःखातल्या माणसाला थोरांची उदाहरणं देऊ नयेत. माझ्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, आता तो अकरा वर्षांचा आहे. मला लोकांनी बायबलातल्या दुःख सोसणाऱ्या ईयोबापासून हेलन केलरपर्यंत सगळे सांगून झाले. ऐकून एवढंच वाटायचं की ते थोर, आपण नाही, म्हणजे आपल्यातच खोट.

मला कशाने तग धरता आला ते सांगतो. प्रवचनाने नाही. बायको मुलाला घेऊन हॉस्पिटलात होती तेव्हा मंडळीतली एक म्हातारी रोज संध्याकाळी डबा आणायची. भाकरी, झुणका, कधी नुसतं आमटी-भात. कधी प्रार्थना करू का विचारलं नाही. डबा ठेवायची, आदल्या दिवशीचा रिकामा घ्यायची, जायची. मी त्या काळात चर्चला जात नव्हतो. नंतर कळलं की माझ्या नावाचं दानाचं पाकीट कुणीतरी दर महिन्याला टाकत होतं, म्हणजे रजिस्टरला माझं नाव कधी खंडलंच नाही. कोण टाकत होतं ते खजिनदार आजपर्यंत सांगत नाहीत.

माझा विश्वास म्हणजे काय तर हेच. माझ्या डोक्यात तर्कटसारखेच प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं नाहीत. पण मी जिथे नव्हतो तिथे माझी जागा कुणीतरी धरून ठेवली होती.

एका बाबतीत काकांशी मतभेद. ताई, क्वायरमध्ये उभ्या राहा, पण संडेस्कूल काही दिवस दुसऱ्याला द्या. मोठ्यांसमोर गप्प राहता येतं, पोरं थेट विचारतात.

अबोली_खानापूर

विचारलं. दुसरीतल्या एका पोराने. "बाई, तुमच्या बहिणीसाठी आम्ही प्रार्थना केली होती, मग त्या का मेल्या?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, "बायबलमध्ये बघा ना." बाकीची पोरं हसली, मी पण हसले, मग स्टोअररूममध्ये जाऊन बसले.

कॅम्पातला_म्हातारा

निपाणीकर, मान्य. पण 'मला माहीत नाही' हे त्या पोराला मिळालेलं संडेस्कूलमधलं सर्वांत खरं उत्तर असेल.

व्यवस्थापक

धर्मांतराच्या वादावरचे काही प्रतिसाद उडवले आहेत. त्याला वेगळा धागा काढा. आणि गंगामूळ कर्नाटकात की कुठे यावरून सीमाप्रश्न इथे आणू नका, त्याचे भरपूर धागे आहेत.

खेड्यातला_फादर

खानापूर तालुक्यातल्याच एका कॅथलिक पॅरिशमध्ये आहे. उशिरा आलो.

अबोलीताई, काकांनी मेथडिस्ट बाजू चांगली सांगितली, मी आमच्याकडचं थोडं सांगतो. निपाणीकर म्हणतात ते डोक्यात आहे, म्हणून थोर म्हणून सांगत नाही, रुग्ण म्हणून सांगतो. लिझ्यूची तेरेझा २४ व्या वर्षी क्षयाने गेली, १८९७ मध्ये. फ्रान्समधल्या मठातली साधी सिस्टर. शेवटचं जवळजवळ दीड वर्ष तिला स्वर्ग आहे हेच वाटेनासं झालं होतं. तिने ते लपवलं नाही, लिहून ठेवलं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा लोकांना धक्का बसला, कारण इतकी वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. ती पत्रं सगळ्या जगाने वाचल्यावर, २०१६ मध्ये, चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केलं. म्हणजे आत काही न जाणवणं हे विश्वास नसल्याचं लक्षण आहे असं निदान चर्च तरी मानत नाही. विश्वास म्हणजे फक्त मनाला काय वाटतं तेवढंच असेल तर आजारी माणसाने, थकलेल्या माणसाने काय करायचं?

आता तुमच्या आईचं ९१ वं स्तोत्र. मत्तय ४ काढून बघा. प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभं करून सैतान हेच स्तोत्र ऐकवतो. उडी टाक, देवदूत झेलतील, तसं लिहिलंय. प्रभू उडी टाकत नाही. वचन खरं नाही असंही म्हणत नाही. ते वापरून देवाची परीक्षा बघायला नकार देतो. तुमच्या बहिणीला माईकपाशी उभं करून ज्यांनी रोग गेला म्हटलं, त्यांनी कोणाची भूमिका केली ते मी बोलत नाही. पण हे आईला समजावून सांगा, आणि त्याच स्तोत्राचं पंधरावं वचन दाखवा. संकट येणारच नाही असं तिथे नाही, संकटात मी त्याच्याजवळ राहीन असं आहे. लाल रेघ तिथे ओढायची होती.

आणखी एक. आईला जे लागलंय ते तुम्ही काढू शकणार नाही, तुम्ही लेक आहात. अधिकाराने केलेली जखम अधिकाराच्याच माणसाने पुसावी लागते. तुमच्या पाळकसाहेबांना (पास्टरना) घरी बोलवा आणि त्यांना स्पष्ट शब्दांत आईला सांगू द्या की ते वाक्य खोटं होतं, शास्त्राविरुद्ध होतं. बायबल उघडून, योहान ९ वाचून. एका जन्मांध माणसाबद्दल, याने की याच्या आईबापाने पाप केलं, असं शिष्यांनी विचारल्यावर प्रभूने दोन्ही नाकारलं. गोल गोल बोलणार असतील तर मला कळवा, मी येतो. पंथ वेगळा असला तरी चहा एकच.

तर्कट

फादर, चांगलं लिहिलंत. पण 'संकटात जवळ राहीन' हे तपासायचं कसं? जवळ असून काही न करणाऱ्याला आपण एरवी काय म्हणतो?

खेड्यातला_फादर

तुम्ही ज्या घरी शेवटचं दुखवट्याला गेलात, तिथे काय केलंत?

तर्कट

बसलो. पण माझ्याकडे मेलेल्याला उठवायची ताकद नव्हती. त्याच्याकडे आहे असं तुम्हीच म्हणता. फरक तिथेच आहे.

खेड्यातला_फादर

हो, फरक तिथेच आहे. याच्यापुढे मला तुम्हाला गप्प करील असं उत्तर नाही. क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेत चौदा ठिकाणी थांबतो तेव्हा तोच प्रश्न माझ्याही बरोबर चालतो.

अबोली_खानापूर

बरेच दिवसांनी लिहितेय.

पाळकसाहेब आले होते. मी आधी घाबरत घाबरत हा धागाच वाचायला दिला. त्यांनी आईसमोर बसून योहान ९ वाचलं आणि म्हणाले, "मावशी, कुणाचाही विश्वास कमी पडला नव्हता. ते चुकीचं बोलले." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग डोक्यावर हात ठेवून देवाच्या नावानं खोटं बोलल्यावर त्यांना काय होत नाही काय?" साहेबांना उत्तर देता आलं नाही. पण त्या दिवसापासून संध्याकाळचा प्रश्न बंद आहे. आता ती प्रचारकांवर रागावलेली असते. मला हे जास्त बरं वाटतं, सभ्य ख्रिस्ती भाषेत बसत नसलं तरी.

संडेस्कूल डिसेंबरपर्यंत दुसऱ्या बाईंना दिलंय. क्वायरमध्ये आहे. विश्वासांगीकाराला अजून ओठच हलतात. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, ज्या रविवारी तेही जमणार नाही त्या रविवारी नुसती उभी राहा, शेजारचे म्हणतील.

माझी मॅमोग्राफी झाली, काही नाही. रक्ताच्या तपासणीचं भाचीच्या बाबांशी बोलणं चाललंय.

फादर, २ नोव्हेंबरला तुमच्याकडे कबरींवर मेणबत्त्या लावतात, तिथे आमच्यासारख्यांनी आलं तर चालतं का? आईने विचारलंय.

आणि काका, इथलं सगळं वाचून बायबलातलं ईयोबाचं पुस्तक वाचायला घेतलंय. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस गप्प बसले होते तोवर चांगले होते असं वाटलं. पण बत्तिसाव्या अध्यायात तो एलीहू येतो आणि सहा अध्याय थांबतच नाही. आमच्या मंडळीतल्या एका भाऊंची आठवण येते. या एलीहूचं करायचं काय? उड्या मारून पुढे जाऊ का?

खेड्यातला_फादर

चालतं म्हणजे काय, या. संध्याकाळी पाचला. वारा असतो, काचेचं झाकण असलेली मेणबत्ती आणा.

कॅम्पातला_म्हातारा

उड्या मार. शेवटच्या अध्यायात देव ईयोबाच्या तिन्ही मित्रांवर रागावतो, तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत म्हणून. त्यांना ईयोबाकडे पाठवतो, त्याला तुमच्यासाठी प्रार्थना करू दे म्हणतो. एलीहूचं तिथे नावसुद्धा नाही. एवढं लांब बोलूनही देवाने त्याला उत्तर दिलेलं नाही.

जुनी_सिस्टर

काका, हे वाक्य प्रिंट काढून आमच्या वडील मंडळींच्या बैठकीत लावू का?

कॅम्पातला_म्हातारा

लाव. माझं नाव घालू नकोस, मी त्या बैठकीत असतो.